घेवड्याचा रंग आणि बियाण्याची पारख

धान्य विकावयास काढलें म्हणजे व्यापारी प्रथम मूठभर दाणे तळहातावर घेऊन त्यांचा रंग पाहतो. वजनाची व चवीची गोष्ट मागाहून. घेवड्याच्या बाबतींत तर रंगावरूनच नांवें पडलीं आहेत. सातारा जिल्ह्यांतील कोरेगांव तालुक्याचा वाघ्या घेवडा त्याच्या गुलाबी-तांबूस अंगावरील, वाघाच्या पट्ट्यांसारख्या रेघांनीं ओळखला जातो, आणि २०१६ सालीं त्यास भौगोलिक मानांकनही मिळालें. परंतु हा रंग म्हणजे कोणता पदार्थ, तो दाण्यांत कोठें असतो, एका वाणास तो कां येतो व दुसऱ्यास कां येत नाहीं, याचा विचार खळ्यावर क्वचितच होतो. रंग ही केवळ शोभा आहे असें समजून आपण बियाणें निवडतों आणि त्या समजुतीची किंमत पुढील हंगामांत शेतांत भरतों.

वास्तविक दाण्याचा रंग हा त्या वाणाचा दाखला आहे. दाणा ओल्या जमिनींत तग धरील कीं कुजेल, बियाणें शुद्ध आहे कीं त्यांत परका वाण शिरला आहे, माल नवा आहे कीं वर्षभर पडून राहिलेला आहे, इतक्या गोष्टी रंगावरून थोड्याबहुत वाचतां येतात. हा दाखला कसा वाचावा, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

प्रस्तुत लेखकास या विषयाची गोडी एका फजितीपासून लागली. एका वर्षीं बाहेरून आणलेल्या घेवड्याच्या बियाण्यांत काळे व पांढरे दाणे मिसळलेले दिसले. घरांतील मंडळींनीं दोन रात्री सुपें पुढें घेऊन दाणा दाणा निवडला आणि एकसारखा पट्टेरी दाणा तेवढा पेरला. तरीही मळणीच्या वेळीं कांहीं झाडांचा दाणा काळपट निघाला आणि त्यापुढील वर्षीं मधूनच पांढरा दाणाही दिसूं लागला. विकणाऱ्यास दोष देऊन मनाचें समाधान केलें. परंतु विकणाऱ्याचा दोष असो वा नसो, आमच्या निवडीची पद्धतच अपुरी होती, हें पुढें कळलें. ती कशी, तें योग्य ठिकाणीं येईल.

रंग कोठें असतो?

निरनिराळ्या रंगांचे चार घेवडे रात्रीं वेगवेगळ्या वाट्यांत भिजत घालावे आणि सकाळीं त्यांचें टरफल सोलून पाहावें. काळा, तांबडा, पिंवळा, पांढरा, कोणताही दाणा घ्या. आंतील दोन्ही दळें जवळ जवळ सारखींच, पांढरट निघतात. म्हणजे सर्व रंग टरफलांत आहे. हें टरफल दाण्याच्या एकंदर वजनाच्या सुमारें दहाव्या हिश्श्याइतकेंच असतें. परंतु बाहेरच्या मातीशीं, पाण्याशीं, बुरशीशीं व किडीशीं पहिली गांठ त्याचीच पडते.

इतर कडधान्यांकडे पाहिलें तर हीच गोष्ट ओळखीची वाटेल. तांबडी तूर घ्या कीं पांढरी तूर घ्या, डाळ पिंवळीच होते. मसुरीचें टरफल तपकिरी, पण डाळ नारिंगी. उलट, वाटाण्याचा हिरवेपणा किंवा पिंवळेपणा हा दळांचा रंग आहे. टरफल पातळ व आरपार दिसणारें असल्यामुळें तो बाहेरून नजरेस येतो. टरफलाचा रंग आणि दळाचा रंग यांतील हा भेद क्षुल्लक दिसला तरी बियाण्याच्या शुद्धतेचें मर्म त्यांतच आहे.

रंगद्रव्यें कोणतीं?

घेवड्याच्या टरफलांतील रंगद्रव्यें मुख्यतः तीन प्रकारचीं आहेत. झाड तीं एकाच कच्च्या मालापासून तयार करतें. जशी एकाच उसाच्या रसाची काकवी होते, गूळ होतो किंवा साखर होते, तशांतलाच हा प्रकार आहे.

पहिला प्रकार अँथोसायनिनचा. काळ्या घेवड्याचा काळेपणा वस्तुतः दाट जांभळा असतो आणि तो डेल्फिनिडिन, पेट्युनिडिन व माल्व्हिडिन या नांवांच्या अँथोसायनिनांमुळें येतो. याची परीक्षा घरीं करतां येते. काळा घेवडा भिजवून जांभळें झालेलें पाणी दोन वाट्यांत घ्यावें. एकींत लिंबाचा रस पिळला असतां पाणी तांबडें होतें. दुसरींत चिमूटभर पापडखार टाकला असतां तें निळसर-हिरवट होतें. जांभळाच्या व कोकमाच्या रंगांतही हेंच कुळ आहे.

दुसरा प्रकार तुरट द्रव्यांचा, म्हणजे टॅनिनचा. तांबड्या, तपकिरी व ठिपकेदार घेवड्यांत यांचें प्रमाण पुष्कळ असतें. काळ्यांतही तीं असतात. कोंवळ्या टरफलांत तीं जवळ जवळ रंगहीन असतात. हवा व उजेड लागून तीं हळू हळू तांबूस-तपकिरी होतात. यांची परीक्षा जुन्या रंगाऱ्यांस ठाऊक होती. हिरड्याच्या काढ्यांत हिराकस घालून काळा रंग करीत, तो तुरट द्रव्य व लोह यांच्या संयोगानें. तपकिरी घेवड्याचीं टरफलें उकळून त्या पाण्यांत हिराकसाचे दोन थेंब टाकले तर तेंही काळवंडतें. (हें पाणी परीक्षेनंतर फेंकून द्यावें.)

तिसरा प्रकार फिक्कट पिंवळ्या द्रव्यांचा. त्यांत केम्फेरॉल हें प्रमुख आहे. पिंवळ्या व बदामी रंगाच्या वाणांत त्यांचा भाग मोठा असतो. पांढऱ्या घेवड्याच्या टरफलांत या तिन्ही प्रकारांचा जवळ जवळ अभाव असतो. तेव्हां पांढरा हा निराळा रंग नसून रंग न झाल्याची ती खूण आहे, हें ध्यानांत ठेवावें.

एक वाण काळा, दुसरा पांढरा कां?

पाटाच्या पाण्याचा दृष्टांत येथें उपयोगी पडेल. मुख्य दारें उघडलें तर पाणी पाटांत येतें. मग कोणत्या वाफ्यांत किती सोडावयाचें तें पुढच्या दाऱ्यांवर अवलंबून असतें. मुख्य दारेंच बंद असेल तर पुढचीं सर्व दारीं उघडीं असूनही वाफे कोरडे राहतात. घेवड्याच्या रंगाचें असें मुख्य दारें म्हणजे ‘पी’ नांवाचा जनुक होय. तो चालू असला तर रंग होतो. तो बिघडलेल्या रूपांत आईकडून व बापाकडून, दोहोंकडून आला तर दाणा पांढरा होतो. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत हा जनुक नेमका ओळखला गेला. त्यांत असेंही दिसून आलें कीं, पांढरा घेवडा एकदांच उत्पन्न झाला नसून, याच एका जनुकांत निरनिराळ्या ठिकाणीं निरनिराळे बिघाड होऊन तो अनेक वेळां उत्पन्न झाला आहे. घेवड्याचें मूळस्थान अमेरिका खंड. तेथें मेक्सिकोकडील व अँडीज पर्वताकडील लोकांनीं हें पीक स्वतंत्रपणें माणसाळविलें, आणि पांढरा दाणा दोन्हीकडे लोकांच्या डोळ्यांत भरला.

मुख्य दाऱ्यापुढें दुसरे जनुक आहेत. एकामुळें दाणा सर्वांगीं रंगतो किंवा केवळ डोळ्याभोंवतीं रंगून बाकीचा पांढरा राहतो. दुसऱ्यामुळें पट्टे व ठिपके उठतात. आणखी कांहींमुळें काळा, कॉफीचा, तांबडा, बदामी अशा छटा ठरतात. ग्रेगोर मेंडेल यानें वाटाण्याबरोबर घेवड्यावरही प्रयोग केले होते, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाहीं. पांढऱ्या फुलाचा घेवडा व जांभळ्या-तांबड्या फुलाची एक वेलजात यांच्या संकराच्या दुसऱ्या पिढींत जीं ३१ झाडें फुलावर आलीं, त्यांपैकीं केवळ एकाचें फूल पांढरें होतें. बाकीच्यांत गडद जांभळ्यापासून फिक्कट जांभळ्यापर्यंत नाना छटा होत्या. वाटाण्यांत चारांस एक असें प्रमाण सांपडलेल्या मेंडेलनें यावरून १८६६ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत असा तर्क केला कीं, येथें रंग एका घटकाचा नसून दोन किंवा अधिक स्वतंत्र घटकांचा असावा. पुढील संशोधनानें तो तर्क खरा ठरला.

‘पी’ जनुक केवळ दाण्यापुरता नाहीं. फुलाचा रंगही त्याच्याच हातीं आहे. म्हणून पांढऱ्या दाण्याच्या घेवड्याचें फूल नेहमीं पांढरेंच असतें. याच्या उलट मात्र खरें नाहीं. पांढरें फूल असून दाणा रंगीत असणारे वाण पुष्कळ आहेत. तेव्हां नियम असा कीं, जांभळें किंवा गुलाबी फूल दिसलें तर त्या झाडाचा दाणा पांढरा होणें नाहीं; पांढरें फूल दिसलें तर दाणा पाहिल्यावांचून निर्णय करूं नये.

टरफल आईचें, बी पुढच्या पिढीचें

आतां त्या फजितीकडे वळूं. दाण्याचें टरफल हें आईच्या अंगाचा भाग आहे. आंतील दळें व अंकुर मात्र आई व बाप या दोघांपासून झालेलीं असतात. यामुळें एका झाडावरील सर्व दाण्यांच्या टरफलाचा मूळ रंग एकच असतो. पट्ट्यांची दाटी दाण्यागणिक कमीजास्त होईल, पण एकाच झाडाच्या शेंगांत एक दाणा काळा व एक पांढरा असें होत नाहीं. वाटाण्यांत तसें होतें, कारण तेथील रंग दळांचा.

याचा परिणाम काय होतो तें पाहावें. पट्टेरी घेवड्याच्या एखाद्या फुलावर मधमाशीनें शेजारच्या काळ्या घेवड्याचा पराग आणून टाकला, तर त्यापासून झालेला दाणा बाहेरून पट्टेरीच दिसतो. कारण टरफल आईचें. सुपांत घेऊन कितीही निवडा, तो निवडींत सांपडणार नाहीं. पेरल्यावर मात्र त्याचें सबंध झाड निराळा दाणा देतें. आणि पराग पांढऱ्या घेवड्याचा असला तर पांढरेपणा आणखी एक पिढी दडून राहतो व त्यापुढील पिढींत प्रगट होतो. आमच्या घरची दोन रात्रींची निवड अशी हुकली होती. गोणींत बाहेरून मिसळलेले दाणे आम्हीं काढले. पण टरफलाच्या आंत शिरलेली भेसळ आमच्या दृष्टीस पडणें शक्य नव्हतें.

घेवड्याचें फूल बहुतेक स्वतःच्याच परागानें फळतें, म्हणून अशी भेसळ थोडी होते. पण दरवर्षीं बियाणें घरचेंच ठेविलें व शेजारीं दुसरा वाण असला, तर थोड्याचें पुष्कळ होण्यास वेळ लागत नाहीं. आणखी एक चकवा सांगण्याजोगा आहे. कांहीं पट्टेरी किंवा ठिपकेदारपणा वाणाचा कायमचा गुण असतो; वाघ्याचे पट्टे पिढ्यान् पिढ्या तसेच येतात. पण कांहीं ठिपकेदारपणा केवळ संकर झाडावरच दिसतो व तो कधींही स्थिर होत नाहीं. एकरंगी घेवड्याच्या शेतांत मधूनच एखादें सुंदर ठिपकेदार दाण्याचें झाड सांपडलें, तर नवा वाण मिळाला म्हणून लगेच हर्ष मानूं नये. त्याचें बीं वेगळें पेरावें. पुढील वर्षीं त्यांतून कांहीं झाडें ठिपकेदार व कांहीं एकरंगी निघालीं, आणि ठिपकेदारांचें बीं पुन्हा तसेंच फुटत राहिलें, तर तो वाण नव्हे, संकराचा खेळ होय.

रंग गेला म्हणजे काय जातें?

बाजारांत पांढऱ्या दाण्यास मान आहे. हिरव्या शेंगा डब्यांत भरणाऱ्या परदेशी कारखान्यांनींही पांढऱ्या बियांचे वाणच पसंत केले. कारण रंगीत दाण्याचा रंग उतरून डब्यांतील पाणी गढूळ दिसतें. ही मागणी पुरवितांना शेतांत एक अडचण उभी राहिली. पांढऱ्या दाण्याचें टरफल पाणी झपाट्यानें शोषतें. त्या ओढीनें दळांस तडे जातात, आंतील साखर बाहेर झिरपते आणि ती चाखावयास जमिनींतील बुरशी धांवून येते. रंगीत टरफल पाणी सावकाश आंत घेतें, आणि त्यांतील तुरट द्रव्यें बुरशीस अटकाव करतात. म्हणून थंड, ओल्या व निचरा नसलेल्या जमिनींत पांढऱ्या घेवड्याची उगवण रंगीत घेवड्याहून बहुधा विरळ होते. पांढरा घेवडा लावूं नये असा याचा अर्थ नव्हे. परंतु तो लावणाराने निचऱ्याची जमीन, बेताची ओल व बीजप्रक्रिया यांत कसूर करूं नये.

रंगाबरोबर दुसरे गुणही कधीं कधीं चिकटून येतात. १९२३ सालीं अमेरिकेंतील कार्ल सॅक्स यानें मोठ्या रंगीत व लहान पांढऱ्या घेवड्यांचा संकर करून दुसऱ्या पिढीचे दाणे तोलले. ज्या झाडांस रंगाचा जनुक दोन्हीकडून आला होता त्यांचा दाणा सरासरी ३०·७ शतांश ग्रॅम, ज्यांस एकीकडूनच आला होता त्यांचा २८·३ आणि पांढऱ्यांचा २६·४ भरला. रंगाला एवढें वजन नसतें. वजन वाढविणारा जनुक त्याच गुणसूत्रावर रंगाच्या जनुकाशेजारीं बसलेला असल्यामुळें दोघे जोडीनें पुढें गेले. दुसऱ्या संकरांत ही जोडी निराळीही असूं शकेल. पण यावरून शिकावयाचें तें हें कीं, केवळ रंगाकडे पाहून निवड करणारा न कळत दुसरेही गुण निवडीत किंवा टाकीत असतो.

जुना माल, नवा माल

फिक्कट अंगाचे पट्टेदार व बदामी घेवडे सांठवणींत काळवंडतात. तुरट द्रव्यें हवेशीं संयोग पावून तपकिरी होतात, आणि उष्णता, दमटपणा व उजेड यांनीं ही क्रिया जलद होते. गिऱ्हाईक काळवंडलेला दाणा जुना समजतें, आणि तें सहसा चुकत नाहीं. कारण ज्या उष्ण व दमट सांठवणींत रंग बिघडतो, तिच्यांतच दाणा शिजण्यास कठीण होतो. काढणीच्या वेळीं पावसांत सांपडलेला माल मात्र नवा असूनही काळवंडलेला दिसतो व त्याचा भाव जातो. कॅनडा व अमेरिका येथें सावकाश काळवंडणारे पिंटो घेवड्याचे वाण निवडून काढण्यांत आले आहेत. आपल्याकडे तूर्त तरी उपाय आपल्याच हातीं आहे: शेंगा वाळतांच काढणी, दाण्यांत ओल १० ते १२ टक्क्यांहून अधिक राहणार नाहीं इतकें वाळवण, आणि अंधाऱ्या, थंड, कोरड्या जागेंत सांठवण.

ताटांतील गोष्ट

ज्या गुणानें तुरट द्रव्य हिराकसांतील लोह धरून काळें होतें, त्याच गुणानें तें अन्नांतील लोहही धरून ठेवतें व शरीरास तें पुरतें मिळूं देत नाहीं. म्हणून तांबड्या-काळ्या घेवड्यांत लोह भरपूर असलें तरी त्याचा थोडाच भाग अंगीं लागतो. घेवडा रात्रभर भिजवून तें पाणी टाकून दिलें व जेवणांत लिंबू किंवा आवळा ठेविला तर पुष्कळ फायदा होतो. कच्च्या राजम्यांत, विशेषतः तांबड्यांत, पोटास बाधक असें लेक्टिनही असतें. त्यासाठीं तो नव्या पाण्यांत खळखळून उकळून पुरता शिजविलाच पाहिजे. शेतांत दाण्याचें रक्षण करणारें द्रव्य ताटांत थोडें आडवें येतें, असा हा व्यवहार आहे. एकाच रंगांत सर्व सद्गुण सांपडणार नाहींत; आपणांस कोणत्या कामासाठीं घेवडा हवा तें ठरवून रंग निवडावा, हेंच शहाणपणाचें.

काय करावें?

पहिली गोष्ट, बियाण्यासाठीं दाणा निवडूं नये, झाड निवडावें. फुलावर असतां शेतांतून एक फेरी घालून ज्यांचें फूल किंवा खोड वाणाच्या मानानें निराळ्या रंगाचें आहे तीं झाडें उपटून टाकावीं. पांढऱ्या घेवड्याच्या शेतांत जांभळें फूल एकही राहूं देऊं नये. दुसरी गोष्ट, शेंगा वाळल्यावर चांगलीं, निरोगी, वाणाशीं जुळणारीं पन्नास-शंभर झाडें वेगळीं काढून प्रत्येकाची एक एक शेंग फोडून पाहावी, आणि ज्यांचा दाणा नेमक्या रंगाचा व पट्ट्याचा असेल त्यांचेंच बीं एकत्र ठेवावें. तिसरी गोष्ट, बियाण्याचा वाफा दुसऱ्या रंगाच्या घेवड्यापासून दूर ठेवावा आणि मळणीचें खळें व गोणी आधीं झाडून घ्यावीं. कारण बहुतेक भेसळ मधमाशी नव्हे, आपली गोणीच करते. चौथी गोष्ट, पेरण्यापूर्वीं किलोमागें ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावें. पांढऱ्या दाण्यास तर तें अवश्य चोळावें. पांचवी गोष्ट, निवडलेल्या बियाण्यांतील मूठभर दाणे बाटलींत घालून, वर्ष लिहून, अंधाऱ्या जागीं ठेवावे. पुढील सालच्या पिकाशीं ताडून पाहतांना जुन्या दाण्याची छटा थोडी काळवंडलेली असेल हें लक्षांत घ्यावें. पट्टा, ठिपका व डोळ्याभोंवतींचा रंग मात्र बदलत नाहीं, आणि ताळा त्यांचाच घ्यावयाचा.

वाघ्या घेवड्यास मिळालेलें मानांकन कागदावर आहे. त्याचे पट्टे मात्र दरवर्षीं शेतांत नव्यानें राखावे लागतात. ते राखण्याचें काम कोणत्याही कचेरीस साधणारें नाहीं. फुलोऱ्याच्या दिवसांत शेतकऱ्यानें आपल्या शेतांतून एक फेरी घातली, तरच तें साधेल.